सेनापतींची शाळा

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक लहानसे वादळ होऊन गेले. आमच्या वडील बंधूंची नात यंदा बारावीत आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस बसावयाचे तिने मनाशी ठरविले आणि कोणास फारसे न विचारता अर्जही भरून टाकला. त्या संस्थेत इ. स. २०२२ पासून मुलींस प्रवेश मिळू लागला व मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथील शिक्षण पुरे करून बाहेर पडली, ही वार्ता तिला मुखोद्गत होती. मुलीने पलटणीत जावे की न जावे यावर एक दिवस खल झाला. परंतु आश्चर्य असे की, तो वाद लवकरच मावळला आणि त्याच्या जागी निराळाच प्रश्न उभा राहिला. आमच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, लढायलाच जायचं आहे, तर ही पोर रात्री बारापर्यंत त्रिकोणमिती कशाला घोकत बसते?" त्यावर दादा झोपाळ्यावरून म्हणाले, "अरे, शौर्य रक्तात असावं लागतं. पुस्तकातून का कुठे सेनापती निघतात?" त्रिकोणमिती घोकावयाची नसते, एवढेच आम्ही त्या वेळी मास्तरी सवयीने बोललो. परंतु दादांच्या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस प्राप्त होते. आणि ते एका बैठकीत देण्याजोगे नसल्यामुळे या महिन्याचे पान त्याच कामी खर्चीत आहोत.

प्रश्न जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात कौरव-पांडवांच्या अस्त्रविद्येची परीक्षा चालू असता कर्ण रंगभूमीवर येतो, अर्जुनाने करून दाखविलेली सर्व कृत्ये करून दाखवितो आणि त्यास द्वंद्वाचे आव्हान देतो. तेव्हा कृपाचार्य त्यास काय विचारतात? तुझे कुळ कोणते, एवढेच. धनुर्विद्या तर सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. ती जमेस धरावयास कोणी तयार नसतो. मग दुर्योधन त्यास जागच्या जागी अंगदेशाचे राज्य देऊन तो प्रश्न बाजूस सारतो. हा कृपाचार्यांचा प्रश्न युरोपखंडाने आपल्या सेनाधिकाऱ्यांस कित्येक शतके विचारला. तो सुटला कसा, आणि सुटल्यावर पुढे काय झाले, हाच आमचा आजचा विषय.

मध्ययुगात उमरावाचा मुलगा सात-आठ वर्षांचा झाला म्हणजे दुसऱ्या एखाद्या थोर उमरावाच्या वाड्यात हुजऱ्या म्हणून राही. पुढे धन्याचे चिलखत व घोडे सांभाळी. आणि विशीच्या सुमारास त्यास सरदारकीची दीक्षा मिळे. हे एक प्रकारचे गुरुकुलच होय. मात्र त्यात भाला, घोडा, शिकार व दरबारी रीतिभाती यांपलीकडे शिकावयाचे फारसे नसे, व त्या काळच्या लढाईस तेवढे पुरतही असे. बंदूक आणि तोफ आली आणि हा जुना संसार मोडला.

पहिला बदल हॉलंडात झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोक स्पेनच्या बलाढ्य राजाशी झगडत होते. त्यांचा सेनानी नासाऊ घराण्यातील मॉरिस व त्याचा चुलतभाऊ विल्यम लुई हे दोघेही ग्रंथप्रेमी. तोड्याची बंदूक एकदा उडविली म्हणजे पुन्हा भरीपर्यंत शत्रू अंगावर येई. यावर उपाय काय, हा त्यांचा पेच. विल्यम लुईने ईलियन नावाच्या प्राचीन ग्रीक लेखकाच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात रांगांच्या हालचालींचे वर्णन वाचले आणि डिसेंबर १५९४ मध्ये मॉरिसला पत्र लिहून कळविले की, पहिल्या रांगेने बार काढून मागे जावे, तिच्यामागील रांगेने पुढे येऊन बार काढावा, आणि असा रहाट अखंड फिरता ठेवावा. चौदाशे वर्षांपूर्वीच्या पोथीतून नव्या हत्याराची कवायत निघाली! जुने ग्रंथ म्हणजे वाळवीचे अन्न, असे समजणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

परंतु असा रहाट फिरवावयाचा म्हणजे तो फिरविणाराही शिकलेला हवा. मॉरिसच्या सांगण्यावरून सायमन स्टेव्हिन नावाच्या गणित्याने इ. स. १६०० मध्ये लायडन विद्यापीठात दुर्गरचना करणाऱ्यांसाठी एक अभ्यासक्रम आखला, व तो लॅटिन भाषेत न शिकविता डच भाषेत शिकवावा असे ठरविले. विद्यापीठात त्या काळी देशी भाषेस उंबऱ्याच्या आत जागा नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे महत्त्व कळेल. किल्ल्याचा बुरूज बांधणारास लॅटिन व्याकरण शिकवीत बसावयास सवड कोठली? शत्रू दाराशी होता. पुढे इ. स. १६१६ मध्ये याच घराण्यातील योहान याने जर्मनीतील झीगेन गावी तरुण उमरावांसाठी खास युद्धशाळा काढली. सातच वर्षांत ती बंद पडली. परंतु युरोपातील पहिली सैनिकी शाळा हा मान पुष्कळ इतिहासकार तिला देतात.

आता तोफखान्याकडे वळू, कारण या साऱ्या कथेतील खरी क्रांतिकारक तीच, तोफ. घोडदळाच्या अधिकाऱ्याचे अज्ञान त्याच्या पाणीदार घोड्याखाली झाकले जाई. तोफेचे तसे नाही. तिचे तोंड किती अंशांनी उचलावे, दारू किती घालावी, गोळा कोठे पडेल, हे ज्यास कळत नाही त्याच्या पूर्वजांची वंशावळ कितीही लांब असो, गोळा भलतीकडेच पडणार. म्हणून शिक्षणाचा शिरकाव सैन्यात झाला तो तोफखाना व सफरमैना या दोन दारांनी. इंग्लंडात वुलिच येथील शाळा इ. स. १७४१ मध्ये निघाली, ती याच दोन खात्यांसाठी. फ्रान्सात मेझिएर येथे इ. स. १७४८ मध्ये दुर्गरचनेची शाळा निघाली, तीही त्यासाठीच.

या मेझिएरच्या शाळेतील एक हकीकत आमच्या फार आवडीची आहे. गास्पार माँज हा एका फिरत्या व्यापाऱ्याचा मुलगा. बुद्धी असामान्य, पण कुळ आडवे आले. मुख्य शाळेत त्यास प्रवेश नाही. लहान घरच्या मुलांस नकाशे काढणे व प्रतिकृती करणे शिकवीत, त्या विभागात त्याची सोय लावण्यात आली. एकदा त्यास किल्ल्याचा असा आराखडा करावयास सांगितले की, समोरच्या उंचवट्यावरून शत्रूच्या तोफेस आतील माणसे दिसू नयेत. हे काम त्या काळी लांबलचक हिशेबांनी करीत. माँजने आपल्या कल्पनेने निव्वळ रेषा काढून ते इतक्या लवकर केले की, अधिकाऱ्याने ते तपासण्याचेच नाकारले. एवढ्या वेळात हिशेब पुरा होणे शक्य नाही, असे त्याचे म्हणणे! (उत्तर आधी येऊन रीत मागाहून दिसली म्हणजे परीक्षकास राग येतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो; तो राग आम्हीही केलेला आहे.) शेवटी तपासणी झाली, रीत बिनचूक ठरली, आणि ती इतकी मोलाची वाटली की पुष्कळ वर्षे लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवण्यात आली. घन वस्तूचे कागदावर यथातथ्य चित्र काढण्याचे जे शास्त्र आज प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवितात, त्याचा उगम तो हाच.

पंधराव्या लुईने इ. स. १७५१ मध्ये पॅरिस येथे गरीब उमरावांच्या ५०० मुलांसाठी सैनिकी शाळा स्थापिली. गरीब, पण उमरावच. पुढे तर उलटीच गंगा वाहिली: इ. स. १७८१ च्या एका हुकुमाने, ज्याच्या चार पिढ्यांचे उमरावपण सिद्ध नाही त्यास सरळ अधिकारपद मिळणे बहुतेक पलटणींत बंद झाले. कॉर्सिका बेटातील एका साधारण उमराव घराण्याचा मुलगा याच सुमारास ब्रिएनच्या शाळेत व मागाहून पॅरिसच्या शाळेत शिकत होता. इ. स. १७८५ च्या परीक्षेत ५८ उमेदवारांत त्याचा क्रमांक ४२ वा लागला. त्याचे नाव नेपोलियन बोनापार्ट. पालक हो, एवढ्यावरून चिरंजीवांच्या ४२ व्या क्रमांकाचे समर्थन करू नका. नेपोलियनने एकाच वर्षात ती परीक्षा दिली व त्यास पुष्कळांस अधिक काळ लागे, हेही त्यासोबत सांगावे लागते. पुढे राज्यक्रांती झाली, उमराव देश सोडून गेले, अधिकाऱ्यांच्या जागा ओस पडल्या, तेव्हा इ. स. १७९४ मध्ये पॅरिस येथे परीक्षेने मुले निवडणारी विख्यात पॉलिटेक्निक शाळा निघाली. तिच्या संस्थापकांत माँज अग्रभागी होता. ज्या शाळेच्या मुख्य दारातून त्यास आत येऊ दिले नव्हते, तीपेक्षा मोठी शाळा त्याने उभारली, आणि तिच्या दारावर कुळ विचारणारा कृपाचार्य ठेवला नाही.

तथापि या विषयातील आमचा खरा नायक माँजही नव्हे व नेपोलियनही नव्हे. तो जर्मन शिक्षक गेर्हार्ड शार्नहोर्स्ट होय. जन्म इ. स. १७५५, हॅनोव्हर राज्यातील बोर्डेनाऊ गावी. बाप सैन्यातील निवृत्त हवालदार व पुढे शेतकरी. शाउम्बुर्ग-लिपे या चिमुकल्या संस्थानच्या राजाने एका सरोवरात कृत्रिम बेट करून त्यावर विल्हेल्मश्टाइन नावाचा किल्ला बांधला होता व तेथे एक लहानशी युद्धशाळा चालविली होती. तेथे कुळ न पाहता मुले घेत. शार्नहोर्स्ट तेथेच शिकला. इ. स. १८०१ मध्ये तो प्रशियाच्या चाकरीत आला आणि बर्लिन येथील तरुण अधिकाऱ्यांच्या शाळेचा चालक झाला. येताना त्याने ज्या अटी घातल्या, त्यांत आपणास उमरावपद मिळावे ही एक होती! कर्णास अंगदेश लागला, तो हाच प्रकार. त्या सैन्यात उमराव नसलेल्याचे बोलणे कोण ऐकणार, हे तो पुरते ओळखून होता.

शार्नहोर्स्ट दिसावयास शिपायासारखा मुळीच नव्हता. किंचित पोक काढून चाले, बोलताना अडखळे. कवायतीच्या मैदानावर ज्यांचे आयुष्य गेले त्या वृद्ध सेनापतींस तो निव्वळ पंतोजी वाटे. पण त्याच्या वर्गात कार्ल फॉन क्लाउझेविट्स नावाचा २१ वर्षांचा एक तरुण येऊन बसला होता. बारा वर्षांचा असताना तो पलटणीत दाखल झालेला. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. प्रारंभी व्याख्याने समजेनात. अभ्यास सोडून द्यावा, इतका तो खचला. शार्नहोर्स्टने त्यास हाताशी धरले, धीर दिला, वाचन लावून दिले, आणि इ. स. १८०३ च्या सुमारास तो त्या वर्गात पहिला आला. आपल्या बुद्धीस जन्म देणारा पिता म्हणून क्लाउझेविट्स पुढे आयुष्यभर शार्नहोर्स्टचे नाव घेत असे. शिक्षकाच्या धंद्यात पगार कमी व कटकट फार, हे खरे. पण त्यात एखाद्याच्या वाट्यास असेही येते.

असो. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना व आउअरश्टेट येथे एकाच दिवशी नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाच्या सैन्याची दाणादाण उडविली. फ्रेडरिक राजाने नावारूपास आणलेले, युरोपभर ज्याच्या शिस्तीचे पोवाडे गात ते हे सैन्य. त्यात सात हजारांवर अधिकारी. त्यांपैकी उमराव नसलेले सातशेच्या आतच, आणि तेही बहुतेक तोफखान्यासारख्या खात्यांत. त्यापाठोपाठ मोठमोठे किल्ले फारसा प्रतिकार न करता शत्रूच्या स्वाधीन झाले. शौर्य रक्तात असते हा दादांचा सिद्धांत एखाद्या राष्ट्राने मनापासून आचरिला असेल तर तो प्रशियानेच, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली. अर्धे राज्य गेले, खंडणी बसली. तेव्हा कोठे राजाने सैन्याच्या पुनर्रचनेसाठी मंडळ नेमून शार्नहोर्स्टला त्याचा अध्यक्ष केले. ६ ऑगस्ट १८०८ रोजी हुकूम निघाला की, येथून पुढे शांततेच्या काळी अधिकारपदाचा हक्क ज्ञान व शिक्षण यांवरून, आणि युद्धकाळी असामान्य शौर्य व परिस्थिती झटकन ओळखण्याची दृष्टी यांवरून मिळेल. कुळाचा म्हणून जो काही अग्रहक्क होता तो रद्द. हंटिंग्टन या अमेरिकन पंडिताने तर सेनाधिकाऱ्याचा व्यवसाय, वकिली किंवा वैद्यकी यांच्यासारखा शिकून करावयाचा व्यवसाय, याच दिवशी जन्मास आला असे इ. स. १९५७ मधील आपल्या ग्रंथात म्हटले आहे.

मग ऑक्टोबर १८१० मध्ये बर्लिन येथे उच्च युद्धशाळा उघडली. त्याच महिन्यात त्याच शहरी बर्लिन विद्यापीठातील अध्यापनही सुरू झाले. हरलेल्या, कर्जात बुडालेल्या राज्याने एका महिन्यात ही दोन दारे उघडावी, हे आम्हांस मोठे लक्षणीय वाटते. युद्धशाळेत लढाईच्या विद्येबरोबर गणित, इतिहास, भाषा, रसायन हे विषयही शार्नहोर्स्टने आवर्जून ठेविले. क्लाउझेविट्स तेथे शिक्षक झाला. शार्नहोर्स्टला आपल्या झाडाची फळे पाहावयास मिळाली नाहीत. २ मे १८१३ रोजी ग्रोसगोर्शनच्या लढाईत त्याच्या पायास गोळी लागली; जखम बरी होऊ न देता तो ऑस्ट्रियाची मदत मिळविण्याच्या खटपटीसाठी प्रवासास निघाला आणि २८ जून रोजी प्राग येथे वारला. क्लाउझेविट्स पुढे बारा वर्षे त्या शाळेचा संचालक होता, पण शिकविण्यात हात घालण्याचा अधिकार त्यास नव्हता. कारभार पाहावा आणि उरलेल्या वेळी लिहावे. इ. स. १८३१ मध्ये तो पटकीने दगावला. ग्रंथ अपुराच राहिला होता. त्याची पत्नी मारी हिने कागद लावून, स्वतः प्रस्तावना लिहून, इ. स. १८३२ पासून तो प्रसिद्ध केला. युद्धावरचा पाश्चात्त्य जगातील सर्वांत मान्य ग्रंथ आज आपल्या हाती आहे, तो एका विधवेच्या चिकाटीमुळे. आमच्या वहिनींनी ही हकीकत दोन वेळा सांगावयास लाविली.

या ठिकाणी क्षणभर घरी येऊ. शार्नहोर्स्ट बर्लिनला धडे देत होता त्याच दिवसांत त्याच्याच हॅनोव्हर देशचा एक माणूस आपल्या मुलखात सेनापती म्हणून वावरत होता. त्याचे नाव पोलमन. तिकडे हवालदार होता. इकडे शिंद्यांच्या कंपूंचा नायक झाला. महादजी शिंद्यांनी डी बॉईन या गृहस्थाकडून युरोपी धर्तीचे कवायती कंपू तयार करविले, आग्र्यास उत्तम तोफा ओतविल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी याच तोफांनी आर्थर वेलस्लीच्या फौजेचे सुमारे १,६०० लोक ठार व जखमी केले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. परंतु अधिकारी? कंपनी सरकारने जाहीरनामा काढताच शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी निघून गेले. डी बॉईनच्या जागी आलेला पेराँ त्याच महिन्यात उत्तरेत इंग्रजांच्या आश्रयास गेला. कवायत घेतली, तोफ घेतली. पण ही विद्या शिकून तयार होणारे आपले अधिकारी जेथे घडतील, अशी शाळा मात्र घेतली नाही. अधिकारी विकतच आणिले, आणि विकतची वस्तू जास्त भाव येताच दुसऱ्या दुकानी गेली. महादजींसारख्या दूरदर्शी पुरुषाकडून हे कसे राहिले, याची हळहळ आम्हांस असईचे नाव निघाले की वाटते.

आणि गंमत अशी की, असईस जिंकणारा वेलस्ली हा स्वतः कोणत्या शाळेतून आला होता? तर पैशाच्या! फ्रान्समधील आंजे येथे काही काळ घोडेस्वारी वगैरे शिकला, एवढेच. बाकी लेफ्टनंट कर्नलची जागा त्याने इ. स. १७९३ मध्ये रोख मोजून घेतली होती. इंग्लंडच्या पायदळात व घोडदळात अधिकारपदे उघडपणे विकली जात. साध्या पायदळात सर्वांत खालच्या जागेस ४५० पौंड, लेफ्टनंट कर्नलच्या जागेस ४,५०० पौंड, असा सरकारी दरच ठरलेला होता, आणि प्रत्यक्षात पैसे त्याहूनही अधिक पडत. वेलस्लीसारखा एखादा हिरा या बाजारातूनही निघाला. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाल्यावर त्याने या पद्धतीची तरफदारीही केली. पण २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात बालाक्लाव्हा येथे घोडदळाचे जे दोन सेनानी होते, लूकन व कार्डिगन, तेही असेच पैसा ओतून वर चढलेले. दोघे मेहुणे-मेहुणे, आणि एकमेकांचे तोंड पाहात नसत. एका संदिग्ध हुकुमाचा अर्थ नीट लावून घेण्याइतकेही बोलणे त्यांच्यात झाले नाही आणि सुमारे ६७० स्वार रशियन तोफांच्या तोंडी धावून गेले. त्यांच्या धैर्याची कवने झाली. धैर्यास कोणीच नाव ठेवीत नाही.

तोफखाना व सफरमैना यांत मात्र इंग्लंडातही जागा कधी विकल्या गेल्या नाहीत. तोफेचा न्याय तिकडेही तोच! पायदळासाठी ल मार्शां नावाच्या अधिकाऱ्याने खटपट करून शतकाच्या आरंभी जी शाळा सुरू करविली, ती इ. स. १८१२ मध्ये सँडहर्स्ट येथे गेली. तो बिचारा त्याच वर्षी स्पेनमध्ये सालामांकाच्या लढाईत पडला. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या तोफखान्यासाठी व इंजिनियरांसाठी लंडनजवळ अॅडिस्कम येथे इ. स. १८०९ मध्ये स्वतंत्र शाळा काढली. तेथे गणिताबरोबर हिंदुस्थानी भाषाही शिकवीत. कंपनीच्या सैन्यात देशी भाषांच्या परीक्षा देणाऱ्या अधिकाऱ्यास दुभाष्याची जागा मिळे. अशी मराठीची परीक्षा दिलेला एक तरुण लष्करी अधिकारी म्हणजे मोल्सवर्थ. इ. स. १८३१ चा त्याचा मराठी-इंग्रजी कोश आमच्या टेबलावर आजही आहे, आणि कोणत्याही जिंकलेल्या किल्ल्यापेक्षा तो अधिक टिकला आहे. पदांची विक्री इंग्लंडात बंद झाली ती इ. स. १८७१ मध्ये. तीही सुखासुखी नव्हे. उमरावांच्या सभेने विधेयक अडवून धरले, तेव्हा राणीच्या हुकुमाने १ नोव्हेंबरपासून ती बंद करावी लागली.

अमेरिकेची कथा थोडक्यात सांगतो, पण ती गाळणे एका जुन्या मास्तरास शक्य नाही. कारण तिचा नायक फळा आहे. वेस्ट पॉइंट येथील शाळा इ. स. १८०२ मध्ये स्थापन झाली, परंतु तिला वळण लाविले ते इ. स. १८१७ पासून सोळा वर्षे प्रमुख असलेल्या सिल्व्हेनस थेयरने. तो फ्रान्सात राहून पॉलिटेक्निकची पद्धती पाहून आला होता व तिकडून पुष्कळसे ग्रंथ घेऊन आला. नेपोलियनच्या सैन्यात लढलेला क्लॉड क्रोझे नावाचा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी तेथे आधीच शिक्षक म्हणून आला होता. त्याचे इंग्रजी बेताचे, म्हणून जे तोंडाने सांगता येईना ते तो खडूने फळ्यावर काढून दाखवी. थेयरने वर्गाच्या लहान लहान तुकड्या केल्या. प्रत्येक मुलाने रोज उभे राहून फळ्यावर धडा सिद्ध करून दाखवावा, आणि रोज त्यास गुण मिळावे. ओळखीने सुटका नाही, वडिलांच्या नावाने सुटका नाही. या शाळेतून सेनापतींआधी पूल, कालवे व लोहमार्ग बांधणारे इंजिनियर निघाले. रॉबर्ट ली इ. स. १८२९ मध्ये दुसरा आला. चार वर्षांत शिस्तभंगाचा एकही शेरा नाही. युलिसिस ग्रँट इ. स. १८४३ मध्ये ३९ जणांत २१ वा. यादवी युद्धाच्या अखेरीस ९ एप्रिल १८६५ रोजी दुसऱ्या क्रमांकाने एकविसाव्या क्रमांकापुढे शस्त्रे ठेविली. दादांस हे सांगताच ते खूष झाले. परंतु दोघेही एकाच फळ्यापुढे उभे राहून शिकले होते, हे आम्ही लगेच जोडले.

आता कथेची काळी बाजू. ती न सांगता लेखणी खाली ठेवणे अप्रामाणिकपणा होईल. बर्लिनच्या युद्धशाळेचा विद्यार्थी मोल्टके याने इ. स. १८६६ मध्ये ऑस्ट्रियास व इ. स. १८७० मध्ये फ्रान्सला धूळ चारिली. मग जग त्या शाळेकडे पाहू लागले आणि जो तो तिची नक्कल करू लागला. पण त्याच सुमारास त्या शाळेचे मन आकुंचित होत गेले. इ. स. १८७२ मध्ये ती सेनापतीच्या कार्यालयाच्या ताब्यात गेली. शार्नहोर्स्टने ठेविलेले इतिहास, भाषा, शास्त्रे हे विषय मागे सरकले आणि डावपेच, नकाशे व आगगाडीची वेळापत्रके यांनी वर्ग भरून गेला. अधिकाऱ्यांत उमरावांचे प्रमाण इ. स. १८६० मध्ये शेकडा ६५ होते, ते इ. स. १९१३ पर्यंत ३० वर आले. म्हणजे कृपाचार्यांचा प्रश्न बव्हंशी सुटला. पण युद्ध कशासाठी करावयाचे, करावे की नाही, हे विचारणेही शिक्षणाचा भाग आहे, हे त्या वर्गात कोणी शिकवीनासे झाले. श्लीफेन या सेनाप्रमुखाने फ्रान्सला वेढण्याची मोठी रेखीव योजना आखली. तीत बेल्जियममधून जावे लागे, आणि बेल्जियमच्या तटस्थतेस इ. स. १८३९ मध्ये प्रशियानेच हमी दिली होती. योजनेच्या दृष्टीने तो एक रस्ता होता. इ. स. १९१४ मध्ये पलटणी त्याच रस्त्याने गेल्या, इंग्लंड युद्धात उतरले, आणि पुढचे सर्वांस ठाऊक आहे.

व्हर्सायच्या तहाने बंद केलेली ती शाळा इ. स. १९३५ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा अधिकाऱ्यांनी आदल्या वर्षीच हिटलरच्या नावाने वैयक्तिक शपथ घेतलेली होती. त्या शपथेमागे लपून केवढ्या विद्वान, कुशल, पुस्तके वाचलेल्या माणसांनी काय काय केले व होऊ दिले! ज्ञान होते, शौर्यही होते, इ. स. १८०८ च्या हुकुमातील दोन्ही कलमे पुरी होत होती. त्याच सैन्यातील बेक या सेनाप्रमुखाने इ. स. १९३८ मध्ये राजीनामा दिला, आणि त्या नव्या शाळेचा विद्यार्थी श्टाउफेनबर्ग याने २० जुलै १९४४ रोजी हिटलरवर बाँब ठेविला. त्या दिवसात दोघांचेही प्राण गेले. पण ते थोडे. बहुतेकांनी परीक्षेत आलेल्या प्रश्नांचीच उत्तरे दिली. येथे आम्हांस आमच्या स्वतःच्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीची आठवण होऊन थोडे अस्वस्थ वाटते. प्रश्नपत्रिकेबाहेरचे आम्ही तरी किती शिकविले?

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारावयाचे ठरविले, तेव्हा त्याचा जन्मदिवस म्हणून १२ नोव्हेंबर १९५५ हा दिवस निवडला. त्या दिवशी शार्नहोर्स्टच्या जन्मास दोनशे वर्षे झाली. १०१ स्वयंसेवकांस नेमणुकीची पत्रे देण्यात आली. सैनिक हा गणवेशातील नागरिक आहे, आणि अपराध घडविणारी आज्ञा पाळणे त्याच्यावर बंधनकारक नाही, हे तेथे शिकविण्याच्या विषयांत घालण्यात आले. पुढे इ. स. १९७३ मध्ये हँबुर्ग व म्युनिक येथे सैन्यासाठी विद्यापीठेच निघाली आणि अधिकाऱ्यास पदवीचा अभ्यास लागू झाला. वेस्ट पॉइंटने इ. स. १९७६ मध्ये ११९ मुलींस प्रवेश दिला. त्यांपैकी ६२ जणी चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडल्या. कृपाचार्यांच्या प्रश्नाचे ते शेवटचे रूप म्हणावयाचे.

हे सर्व आम्ही दोन-तीन रात्री जेवणानंतर घरात सांगितले. दादांनी झोपाळा थांबवून ऐकले. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं, रक्त काहीच नाही?" आम्ही म्हटले, रक्त असेल, पण त्याची परीक्षा लढाईतच होते, आणि तोवर शेकडो लोकांचे प्राण त्या माणसाच्या हाती द्यावयाचे असतात. दादा काही बोलले नाहीत. वहिनींनी मात्र आपल्या खोलीतील दिवा नातीच्या अभ्यासासाठी बाहेरच्या सोप्यात आणून ठेविला.

प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत गणितास ३०० गुण आहेत. त्यामुळे संध्याकाळी सात ते आठ आमच्याकडे त्रिकोणमिती चालते. परवा टेकडीच्या माथ्यावरील बुरुजाची उंची दोन ठिकाणांहून कोन घेऊन काढावयाची होती. नातीचे उत्तर आमच्या उत्तराशी जुळेना. इतक्या लवकर तुझे गणित झालेच कसे, म्हणून आम्ही तिला जरा रागानेच विचारले. मग चष्मा लावून पायरी पायरी तपासली. चूक आमची होती. पाया मोजताना आम्ही एक अंतर धरावयाचे विसरलो होतो.